एल्फिन्स्टनसाहेबाची शाळा

रविवार

बहिणीचं घर एडिंबराच्या वायव्येला, क्रॅमंडच्या बाजूला. सामान टाकलं, आमटी-भात खाल्ला आणि संध्याकाळी आठवड्याचा बेत ठरवायला बसलो. मेहुण्यांनी किल्ला, व्हिस्की, लॉख नेस अशी यादी तयारच ठेवली होती. मी म्हटलं, मला शाळा बघायची आहे. "जन्म फळ्यापुढे गेला, तरी हौस फिटली नाही का तुझी?" बहीण म्हणाली.

पण ही शाळा लहानसहान नाही. रॉयल हायस्कूल. आपलं मूळ ती 1128 साली स्थापन झालेल्या होलीरूडच्या मठापर्यंत नेते; आपल्याकडे तेव्हा यादव अजून चालुक्यांचे मांडलिक होते. आणि पुणेकरांच्या दृष्टीने मुद्द्याची गोष्ट अशी की माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन लहानपणी इथे शिकत होता. तोच तो, दुसऱ्या बाजीरावाच्या दरबारातला इंग्रजांचा रेसिडेंट, पेशवाई बुडवणारा, आणि मग पेशव्यांच्याच दक्षिणा फंडातून 1821 मध्ये विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा काढणारा. मुंबईत त्याच्या नावाचं कॉलेज आहे, रेल्वे स्टेशनही होतं, आता त्याचं प्रभादेवी झालं. त्याचे वडील एडिंबराच्या किल्ल्याचे गव्हर्नर. किल्ल्यात फ्रेंच कैदी असायचे आणि हा पोरगा त्यांच्याकडून फ्रेंच राज्यक्रांतीची गाणी शिकून ती मोठ्याने म्हणत हिंडायचा. पुढे राज्यं खालसा करायला निघालेल्या माणसाचं हे बालपण!

भाची त्याच शाळेत जाते, त्यामुळे माहीतगार घरातच होती. फक्त शाळेची इमारत एल्फिन्स्टनच्या वेळची नाही. शाळेने आजवर इतक्या जागा बदलल्या आहेत की त्या बघायच्या तर गावभर फिरावं लागतं. मला तेच हवं होतं.

सोमवार

भाचीची सकाळ म्हणजे अर्धा टोस्ट, मोजे शोधणं आणि साडेआठच्या आत फाटकात असणं. पांढरा शर्ट, काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा टाय. टायची गाठ तिने इतकी आखूड बांधली होती की पट्टे मोजून चार दिसत होते. "मावशी, सगळे असाच बांधतात," म्हणाली. गणवेशाचे नियम मोडायच्या पोरांच्या तऱ्हा जगभर सारख्याच.

बार्नटनमधली ही शाळा 1968 ची आहे. दिसायला अगदी साधी: सपाट छपरं, भरपूर काचा, मागे मोठी मैदानं. नऊशे वर्षांच्या शाळेची कमान बघायला गेलात तर हिरमोड होईल. 1973 पर्यंत इथे फक्त मुलगे. म्हणजे साडेआठशे वर्षांत कधी नव्हत्या त्या मुली त्या वर्षी आल्या, आणि त्याच सुमाराला शाळा सगळ्यांसाठी खुली झाली, प्रवेशपरीक्षा नाही, फी नाही. नगरपालिकेची शाळा आहे. त्या भागात राहत असाल तर तुमचं मूल तिथे जातं. एडिंबरात साधारण चारातलं एक मूल खासगी शाळेत जातं आणि त्या शाळांच्या इमारती राजवाड्यांसारख्या आहेत, हे लक्षात घेतलं तर देशातल्या सगळ्यात जुन्या शाळांपैकी एक शाळा फुकट आहे याचं मला जास्त कौतुक वाटलं.

आत जायला मिळालं ते स्वागतकक्षापर्यंतच, तेही भाची हॉकीचे बूट विसरली म्हणून. परक्या माणसाला वर्गांकडे जाऊ देत नाहीत, आणि ते बरोबरच आहे. खिडकीपाशी उशिरा आलेल्यांची हजेरी चालू होती. एक उंच पोरगा कारण सांगत होता, बाई न बघता टाइप करत होत्या. ते कारण त्यांनी याआधी किती वेळा ऐकलं असेल ते त्यांच्या बोटांवरून कळत होतं.

रात्री जेवताना भाचीला शाळेबद्दल खोदून विचारलं. इथे प्राथमिक शाळा सात वर्षांची. मग बाराव्या वर्षाच्या आसपास माध्यमिक, तिची सहा वर्षं, एस वन ते एस सिक्स. चौथ्या वर्षी नॅशनल फाइव्ह, पाचव्या वर्षी हायर, सहाव्या वर्षी हवं तर अॅडव्हान्स्ड हायर, अशा परीक्षा. पाचव्या वर्षाच्या पाच विषयांवर विद्यापीठाचं बरंचसं ठरतं, म्हणून भाची सध्या त्या काळजीत आहे. सोळा वर्षं पूर्ण होण्याच्या सुमाराला शाळा सोडता येते, पण बहुतेक सोडत नाहीत. आणि स्कॉटलंडच्या मुलांना स्कॉटलंडच्या विद्यापीठात फी पडत नाही. ते वाक्य मेहुणे दोनदा म्हणाले.

मला आवडलेली गोष्ट वेगळीच. प्रत्येक मुलाला एक गायडन्स शिक्षक असतो आणि शक्यतो तोच शेवटपर्यंत राहतो. वर्ग बदलतात, विषय बदलतात, हा माणूस बदलत नाही. घरी काही बिनसलं, अभ्यासात मागे पडलं, कुणी छळलं तर याच्याकडे जायचं. आमच्याकडे दरवर्षी वर्गशिक्षिका बदलायची आणि जूनमध्ये नव्या बाईंना पन्नास पोरं पहिल्यापासून ओळखायला लागायची. इथे विज्ञानाच्या प्रयोगाच्या तासाला वीसपेक्षा जास्त मुलं घेत नाहीत हे ऐकून तर मी गप्पच बसले.

मंगळवार

आज जुन्या गावात. इन्फर्मरी स्ट्रीटच्या टोकाला हायस्कूल यार्ड्स नावाचं आवार आहे. पूर्वी इथे ब्लॅकफ्रायर्स मठ होता, त्याच्या जागेवर सोळाव्या शतकात शाळा उभी राहिली, आणि ती पाडून 1777 मध्ये बांधलेली इमारत अजून आहे. दगडी, काळपट, दाराला खांबांचा मंडप. शाळा गेल्यावर इथे शस्त्रक्रियेचं रुग्णालय आलं. आता विद्यापीठाची हवामानबदलावर काम करणारी संस्था आहे. दाराशी सायकली लावलेल्या होत्या.

याच दारातून एल्फिन्स्टन आत जात असणार, 1790 च्या आसपास. त्याच्या काही वर्षं आधी कादंबरीकार वॉल्टर स्कॉट. तेव्हाचा शाळेचा रेक्टर, म्हणजे मुख्याध्यापक, अलेक्झांडर अॅडम. हा माणूस 1768 पासून 1809 पर्यंत त्या खुर्चीवर होता. शेतकऱ्याचा मुलगा, विद्यार्थिदशेत उपाशी राहून शिकलेला, आणि लॅटिनच्या शाळेत ग्रीक शिकवायचा हट्ट धरणारा. ग्रीक हे आमचं काम, असं म्हणून विद्यापीठ त्याच्यावर चिडलेलं. शाळेतही एक शत्रू होता, विल्यम निकल नावाचा मास्तर, कवी रॉबर्ट बर्न्सचा दोस्त आणि प्रवासातला सोबती. लॅटिन उत्तम, डोकं गरम. स्कॉटने लिहून ठेवलंय की निकलने एका रात्री गल्लीत दबा धरून रेक्टरला खाली पाडलं. स्टाफरूममधली भांडणं मी पुष्कळ पाहिली, पण गल्लीपर्यंत गेलेलं हे पहिलंच.

तेव्हा वर्गात मुलं हुशारीच्या क्रमाने बसत. प्रश्न चुकला की एक जागा खाली, खालच्याने उत्तर दिलं की तो वर. स्कॉटच्या वर्गात एक मुलगा कायम पहिला. काही केल्या हलेना. स्कॉटने निरखून पाहिलं तर तो उत्तर देताना बंडीचं एक ठरावीक बटण बोटांनी चाळवत असे. एक दिवस स्कॉटने संधी साधून चाकूने ते बटणच कापून टाकलं. मास्तरांनी प्रश्न विचारला, मुलाचा हात सवयीने बटणाकडे गेला, बटण नाही. त्याने खाली पाहिलं, तरी नाही. तो गोंधळला, उत्तर सुचेना, आणि स्कॉट त्याच्या जागेवर जाऊन बसला. त्या मुलाने ती जागा पुन्हा कधी मिळवली नाही. मोठेपणी तो कोर्टात कसल्याशा किरकोळ नोकरीवर होता. स्कॉटला दिसायचा, भरपाई करावी असं त्याच्या मनात यायचं, पण राहून गेलं. ही गोष्ट खुद्द स्कॉटने सांगितली म्हणून आपल्याला कळली. जवळजवळ अडीचशे वर्षांनी त्या दारासमोर उभं राहून मला स्कॉटपेक्षा त्या पोराचंच वाईट वाटत राहिलं. गुणानुक्रमे बसवायची पद्धत आमच्या लहानपणीही काही शाळांत होती.

अॅडमला शेवटी पक्षाघाताचा झटका आला. भ्रमात त्याला आपण वर्गातच आहोत असं वाटत होतं. अखेरचं बोलला ते, "अंधार पडायला लागला, मुलांनो, तुम्ही जा आता." 1809 च्या डिसेंबरात गेला. हेन्री रेबर्नने काढलेलं त्याचं तैलचित्र इथल्या राष्ट्रीय कलादालनाच्या संग्रहात आहे.

बुधवार

दिवसभर पाऊस, तोही आडवा. घराबाहेर पडणं शक्य नव्हतं. दुपारी शेजारचे आजोबा चहाला आले. वय ऐंशीच्या पुढे, मूळचे फाइफ परगण्यातल्या खाणकामगारांच्या गावातले. मी शिक्षिका आहे म्हटल्यावर ते हसून म्हणाले, मग हात दाखवू का? आणि उठून दोन्ही हात पुढे केले, तळवे वर, एक हात दुसऱ्याखाली आडवा. खालच्या हाताचा आधार हवा, म्हणजे वरचा हात मागे घेता येत नाही. मग बेल्ट. जाड चामड्याचा पट्टा, टोकाला दोन-तीन भागांत चिरलेला. असे पट्टे करण्यात फाइफमधलं लॉकगेली हे गाव इतकं प्रसिद्ध होतं की पट्ट्यालाच लॉकगेली म्हणत. आजोबांना शुद्धलेखनासाठी पडले होते, बोलण्यासाठी पडले होते, आणि एकदा हसण्यासाठी. हे सांगतानाही ते हसतच होते. बहिणीने मात्र त्यांच्यापुढे बिस्किटांची बशी सरकवली आणि विषय बदलायचा प्रयत्न केला. तो फसला, कारण मला सगळं ऐकायचं होतं.

बेल्ट गेला तो दोन आयांमुळे. आमच्या मुलांना मारायचं नाही, एवढंच त्यांचं म्हणणं. त्यांतल्या एकीचा मुलगा फाइफमधल्या काउडनबीथचा, म्हणजे लॉकगेलीचा शेजारीच. घरी जाताना मनाई असलेल्या, दफनभूमीतून जाणाऱ्या आडवाटेने गेला म्हणून त्याला बेल्टची शिक्षा झाली. त्याने हात पुढे केला नाही. शाळेने त्याला निलंबित केलं, आणि तो पुन्हा कधी शाळेत गेला नाही. प्रकरण मानवी हक्कांच्या युरोपीय न्यायालयात गेलं, 1982 मध्ये निकाल आयांच्या बाजूने लागला, आणि 1987 मध्ये सरकारी शाळांतून मारणं कायद्याने बंद झालं. छडी मीही वापरली आहे. आजोबांना ते सांगितलं नाही.

पण त्याच आजोबांना दहा मिनिटांनी शाळेचा अभिमानही होता. खाणीत काम करणाऱ्याच्या घरात पुस्तकं होती, म्हणाले. हा अभिमान इथे सगळ्यांना आहे आणि त्याला आधारही आहे. 1560 मध्ये धर्मसुधारक जॉन नॉक्स आणि मंडळींनी प्रत्येक चर्चबरोबर एक शाळा हवी असा आराखडा मांडला. मूळ हेतू सगळ्यांना बायबल वाचता यावं हा. 1696 च्या कायद्याने प्रत्येक पॅरिशमध्ये, म्हणजे एकेका चर्चच्या हद्दीत, शाळा काढणं आणि मास्तरचा पगार देणं जमीनदारांच्या गळ्यात घातलं. 1872 मध्ये पाच ते तेरा वर्षांच्या मुलांना शिक्षण सक्तीचं झालं. 1707 मध्ये संसद लंडनला गेली, पण शाळा, चर्च आणि कोर्ट इथेच राहिले. म्हणून आजही इंग्लंडच्या जीसीएसई आणि ए लेव्हल या परीक्षा इथल्या सरकारी शाळांत सहसा नसतात.

परीक्षेवरून आठवलं. कोव्हिडच्या पहिल्या वर्षी इथे परीक्षा झाल्याच नाहीत. शिक्षकांनी अंदाजाने श्रेणी दिल्या, मंडळाने त्या शाळेच्या आदल्या वर्षांच्या निकालांशी ताडून पाहिल्या आणि सुमारे एक लाख चोवीस हजार श्रेणी खाली आणल्या. गरीब वस्त्यांतल्या शाळांचे आदले निकाल कमी, म्हणून तिथल्या मुलांना फटका जास्त. पोरं रस्त्यावर आली. आठवड्याभरात सरकारने माफी मागून शिक्षकांच्या श्रेणी परत दिल्या. पुढे ते मंडळच मोडीत काढून नवं आणलं. भाची तेव्हा प्राथमिकला होती, पण तिलाही ही गोष्ट तोंडपाठ आहे.

गुरुवार

ऊन. कॅल्टन हिल.

प्रिन्सेस स्ट्रीट संपून पुढे रीजंट रोड सुरू होतो, तिथे टेकडीच्या पोटात ती इमारत आहे. मधे डोरिक खांबांचं देऊळ, दोन्ही बाजूंना लांब सज्जे, टोकांना छोटे मंडप, सगळं रस्त्याच्या वर उंचावर बसवलेलं. वास्तुशिल्पी टॉमस हॅमिल्टन, साल 1829, नमुना अथेन्समधल्या हेफाइस्टसच्या मंदिराचा. समोरचं बर्न्सचं स्मारकही त्याचंच. एडिंबराला तेव्हा उत्तरेचं अथेन्स म्हणवून घ्यायची हौस होती आणि ती हौस इतकी नीट कुठेच साधलेली नाही.

एवढा खर्च का केला, याचं कारण खरं मजेदार आहे. न्यू टाउनमध्ये, म्हणजे गावाच्या नव्या भागात, राहायला गेलेल्या बड्या लोकांना जुन्या गावातली शाळा लांब आणि अस्वच्छ वाटायला लागली, ग्रीकही कमी वाटायला लागलं. त्यांनी 1824 मध्ये एडिंबरा अकॅडमी नावाची नवी शाळा काढली. काढणाऱ्यांत पुढे कोण? वकील हेन्री कॉबर्न आणि वॉल्टर स्कॉट, दोघेही हायस्कूलचेच विद्यार्थी! नगरपालिकेला ते झोंबलं आणि तिने हे देऊळ बांधलं. पुढे टेलिफोनवाला अलेक्झांडर ग्रॅहम बेल इथे शिकला, आणि शिकण्यात त्याचं काही विशेष दिसलं नाही म्हणतात.

शाळा 1968 मध्ये गेल्यावर इमारतीचे जे हाल झाले ते बघवत नाहीत. 1970 च्या दशकात स्कॉटलंडला स्वतःची विधानसभा मिळणार म्हणून इथला हॉल सभागृह म्हणून सजवला. 1979 मध्ये सार्वमत झालं. 51.6 टक्के लोक हो म्हणाले, पण एकूण मतदारांपैकी 40 टक्क्यांचा हो हवा अशी अट होती, आणि तो आकडा 33 च्याही आतच राहिला. सभागृह तयार, सभासदच नाहीत. 1992 च्या एप्रिलमध्ये लोकांनी समोरच्या फाटकाशी ठाण मांडलं, शेकोटी पेटवली आणि आमची संसद द्या म्हणून 1980 दिवस बसून राहिले, 1997 च्या सार्वमतापर्यंत. त्या वेळी जवळजवळ तीन चतुर्थांश मतं संसदेच्या बाजूने पडली. आणि मग संसद इथे आलीच नाही, खाली होलीरूडला नवी इमारत बांधली. नंतर हॉटेलवाले आले, गावाने त्यांना हाकललं. आता संगीताचं राष्ट्रीय केंद्र होणार आहे. कुंपण, परांची, शिरस्त्राण घातलेली माणसं. मी आत डोकावायला गेले तर एकाने हात हलवून लांब व्हायला सांगितलं.

वर टेकडीवर त्या ठाण मांडणाऱ्यांनी रचलेला दगडांचा ढीग आहे, वर लोखंडी शेगडी. त्यात एक दगड आउशविट्झचा आहे, जेन हेनिंगच्या आठवणीचा. ही स्कॉटिश बाई बुडापेस्टला स्कॉटिश मिशनच्या मुलींच्या शाळेत वसतिगृहाची प्रमुख होती. युद्धात परत बोलावलं तरी आली नाही, कारण शाळेत ज्यू मुली होत्या. 1944 मध्ये आउशविट्झच्या नाझी छळछावणीत वारली. पर्यटक सगळे पलीकडे किल्ल्याचा फोटो काढत होते; या ढिगापाशी थांबलं कुणी नाही.

शुक्रवार

शुक्रवारी एडिंबरातल्या शाळा जेवायच्या वेळेला सुटतात. आठवड्याचे तास सोमवार ते गुरुवार भरून काढतात. भाची गावात भेटली, बसने, फुकट. बावीसच्या आतल्या सगळ्यांना स्कॉटलंडभर बस फुकट आहे. हातात तीन गोष्टींचं मील डील, त्यात आयर्न-ब्रूची बाटली. गोड फसफसणारी पेयं शाळेच्या कँटीनमध्ये विकायला बंदी आहे, म्हणून पोरं ती बाहेर मिळवतात.

तिला मी लॉनमार्केटमधल्या रिडल्स कोर्टमध्ये नेलं. बोळातून आत गेलं की एक चौक, तिथून आणखी आतला चौक. हे घर जॉन मॅकमॉरनचं, गावातला बडा व्यापारी आणि नगरपालिकेतला अधिकारी. 1595 च्या सप्टेंबरात हायस्कूलच्या पोरांनी सुट्टी मागितली, नगरपालिकेने दिली नाही. रात्री पोरं खाण्यापिण्याचं सामान, तलवारी आणि पिस्तुलं घेऊन शाळेत घुसली आणि आतून दारं लावून बसली. रेक्टर बाहेर. शेवटी मॅकमॉरन शिपाई घेऊन आला आणि तुळईने दार फोडायला लागला. आतून विल्यम सिंक्लेअर नावाच्या पोराने गोळी झाडली, ती थेट कपाळात. मॅकमॉरन जागीच गेला.

"मग?" भाचीने सँडविच खाली ठेवलं.

मग काही नाही. पोरं बड्या घरांतली. काही दिवस तुरुंगात राहिली, राजा सहावा जेम्स मधे पडला आणि सगळी सुटली. रेक्टरची नोकरी मात्र लवकरच गेली.

"टिपिकल," भाची म्हणाली.

तीन वर्षांनी याच घरात राणीच्या भावासाठी मेजवानी झाली, राजा स्वतः जेवायला होता. मग घर हळूहळू मोडकळीला आलं. 1890 च्या सुमाराला ते दुरुस्त करून विद्यार्थ्यांचं वसतिगृह केलं पॅट्रिक गेडिस यांनी. हे नाव मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र शिकलेल्यांना सांगायला नको. इंदूरचा 1918 चा नगररचनेचा आराखडा त्यांचा, आणि 1919 मध्ये मुंबईत समाजशास्त्राचं पहिलं अध्यासन त्यांना मिळालं. मालवणचे गोविंद सदाशिव घुर्ये त्यांच्याच वर्गातून पुढे केंब्रिजला गेले आणि 1924 मध्ये परत येऊन त्यांनी तो विभाग हातात घेतला. बोळाच्या कमानीवर गेडिस यांनी लॅटिनमध्ये कोरून घेतलंय, जगता जगता शिकतो. भाचीला लॅटिन येत नाही, तिने फोन धरून अर्थ काढला.

तिला साडेतीनला हॉकीला पोचायचं होतं. बूट या वेळी पिशवीत आहेत ना, हे बघून आम्ही प्लेफेअरच्या पायऱ्यांनी खाली प्रिन्सेस स्ट्रीटच्या बसथांब्याकडे निघालो. वाटेत तिने विचारलं, एल्फिन्स्टनने पुण्यात नक्की केलं काय? पायऱ्या उतरताना खडकीची लढाई जेमतेम संपली, तोवर बस आली.